गुणांचा तक्ता भिंतीवर लावण्याआधी

यंदा ज्यांच्याकडे पहिल्यांदाच मूल्यशिक्षणाचं किंवा शाळेतलं वातावरण सुधारण्याचं काम आलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. परिपाठ कसा घ्यायचा, सुविचार कोणी लिहायचा, वर्गमंत्री कसा निवडायचा हे तुम्हाला येतं; त्यात तुमचा वेळ घेत नाही. मला सांगायचं आहे ते एका तक्त्याबद्दल. त्यात माझं दीड वर्ष गेलं, आणि एका मुलाचा माझ्यावरचा विश्वास गेला. वर्षाचं मी विसरले. त्या मुलाचं अजून मनातून जात नाही.

नोकरीला चार वर्षं झाली होती. पाचवीचा वर्ग होता. मधल्या सुट्टीत रोज एक तरी भांडण व्हायचं, वस्तू हरवायच्या, चिडवाचिडवी चालायची. मी वर्गात एक मोठा तक्ता लावला. डावीकडे सगळ्यांची नावं, वरच्या ओळीत सद्गुण. सापडलेली वस्तू परत केली की तीन गुण, मदत केली की दोन, रांगेत शांत उभं राहिलं की एक. खोटं बोलणं, मारामारी, नासधूस यांना वजा पाच. शनिवारी बेरीज आणि महिनाअखेर पहिल्या पाच जणांना सगळ्या शाळेसमोर शाबासकी.

पहिल्या तीन आठवड्यांत वर्ग बदलून गेला. हे मुद्दाम सांगते, कारण तक्ता लगेच चालतो आणि म्हणूनच तो पुढे काढवत नाही. मोठ्या बाई येऊन बघून गेल्या, शेजारच्या दोन वर्गांनी तो उतरवून घेतला, आणि मला वाटलं, जमलं आपल्याला.

चौथ्या आठवड्यात एक मुलगी टेबलापाशी आली. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या पायाला प्लास्टर होतं, आणि तक्ता लागायच्या आधीपासून ती त्याचं दप्तर जिन्यावरून वर आणून द्यायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलं, "बाई, दप्तराचे रोजचे दोन, की आठवड्याचे दोन?" मी म्हटलं, रोजचे. आणि लगेच लिहूनही टाकले. पुढे गुणांसाठी झुंबड उडायला लागली म्हणून मी दिवसाला चार गुणांची मर्यादा घातली, तर चार झाले की ती मुलगी मदत करायची थांबायला लागली. दोन मुलांनी तर ठरवून घेतलं होतं: एकाने कंपासपेटी मैदानावर टाकायची, दुसऱ्याने ती सापडली म्हणून आणून द्यायची, दुसऱ्या दिवशी उलट.

हे सगळं मी सुधारत बसले असते. नियम बारीक करायचे, पळवाटा बुजवायच्या, त्यातच माझे महिने चालले होते. पण मग ग्रंथालयातल्या पुस्तकाचं झालं.

एका मुलाच्या हातून पुस्तकाचं पान फाटलं. कोणी पाहिलं नव्हतं. तो आपणहून आला, पुस्तक दोन्ही हातांत धरून, आणि म्हणाला, "बाई, माझ्याकडून फाटलं." मी तक्त्यात बघितलं: नासधूस, वजा पाच. नियम सगळ्यांना सारखा असतो, हेही त्याला समजावून सांगितलं. आपणहून येऊन सांगण्यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. त्या शनिवारी बेरजेत तो शेवटून दुसरा आला. दोन महिन्यांनी प्रयोगशाळेत काचेची नळी फुटली. ती त्याच्याच हातून फुटली होती, हे मला नंतर कळलं. मी वर्गात विचारलं तेव्हा तो माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "मला माहीत नाही, बाई." आधी खरं बोलणाऱ्या त्या मुलाला खोटं बोलायला मी शिकवलं. याबद्दल मला शंका नाही.

तुम्हाला वाटेल, मग तेवढा रकाना वाढवायचा. मी वाढवला. कबुलीला तीन गुण ठेवले, आणि आठवड्याभरात मुलं न केलेल्या चुका कबूल करायला लागली. रकाने कितीही बदला, मुलाला एकच गोष्ट कळते: इथे चांगलं वागण्याचा हिशोब होतो. हिशोब म्हटला की परवडतं का, हा प्रश्न येणारच. जे मूल आजवर दप्तर उचलताना कसलाच विचार करत नव्हतं, ते विचार करायला लागतं. मी यावर इतकं बोलते आहे कारण मला कोणी वेळेवर इतकं सांगितलं नाही.

हे माझ्याच वर्गात घडलं असं नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा एक प्रयोग आहे. रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडणारी, तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली आणि तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला आधी काही न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी ते पेन वर्गात पुन्हा मोकळे ठेवले, तेव्हा पहिल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. दुसऱ्या गटाकडे नीट बघा. बक्षीस त्यांनाही मिळालं होतं, पण त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे कौतुक करायला घाबरू नका. घात आधी जाहीर केलेल्या सौद्याने होतो.

वजा पाचबद्दलही असंच आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या ६ ठिकाणी दंड सुरू केला, आणि उशीर करणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी उशीर झाला की लाज वाटायची. आता पैसे भरले की प्रश्न मिटला. पुढे दंड बंद केला तरी उशीर खाली आला नाही.

शेवटचं वाक्य तुमच्या कामाचं आहे. तुमच्या वर्गात तक्ता आधीच लागला असेल तर तो काढल्यावर सगळं लगेच पूर्ववत होईल, अशी आशा ठेवू नका. माझ्या वर्गात पुढचे सहा आठवडे तक्त्याआधी होतं त्यापेक्षाही वाईट गेले. मुलं उघड विचारायची, "आता कशाला?" त्या काळात मी दोनदा तो गुंडाळलेला कागद पुन्हा उलगडला होता. तुम्हालाही मोह होईल. थांबा. सातव्या-आठव्या आठवड्यात वर्ग हळूहळू सावरायला लागतो, माझा तरी लागला. आणि सगळ्या नोंदी वाईट असंही मी म्हणत नाही. एखाद्या मुलासोबत, एकाच ठरावीक सवयीसाठी, थोड्या दिवसांपुरती आणि खासगीत अशी नोंद समुपदेशक ठेवतात, तिला माझा विरोध नाही. भिंतीवर सगळ्यांची नावं लावून चारित्र्य मोजण्याला आहे.

तक्ता काढला त्या दिवशी मी त्या मुलाला व्हरांड्यात बोलावून माफी मागितली. पुस्तकाचं सांगायला आलास ते बरोबर होतं आणि मी चुकले, असं म्हटलं. तो "हो बाई" म्हणाला आणि खेळायला गेला. नंतर तो माझ्याशी चांगला वागायचा, पण वर्ष संपेपर्यंत आपणहून काही सांगायला पुन्हा आला नाही.

तक्ता काढा, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते ग्रंथालय सांभाळणाऱ्या सरांनी, दुसऱ्याच महिन्यात. मी रागावले होते. मार्गदर्शक निवडण्याबद्दल माझं मत यातूनच बनलं. जो चारित्र्यावर छान भाषण करतो, त्याच्यामागे जाऊ नका. ज्याच्याकडे मुलं तक्रार नसताना जाऊन बसतात त्याला शोधा, आणि त्याला उपाय विचारू नका. त्याच्या तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. शक्यतो वाईट दिवशी, पाऊस असेल, शेवटचा तास असेल तेव्हा. सरांकडे पुस्तक फाडून आलेल्या मुलाला ते आधी चिकटपट्टी द्यायचे. मग शेजारी बसून दोघं पान जोडायचे, आणि बोलणं त्यानंतर.

तयार कार्यक्रमांबद्दलही सांगून ठेवते. दर महिन्याला एक मूल्य, एका दिवसाची कार्यशाळा, शपथ, रंगीत फलक. यातलं काही विकत घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा: अमेरिकेच्या शिक्षण विभागाने चारित्र्य आणि सामाजिक विकासाचे ७ तयार कार्यक्रम ८४ प्राथमिक शाळांमध्ये तीन वर्षं तपासले, आणि २०१० साली आलेल्या अहवालात सरासरी बघता मुलांच्या वागण्यात किंवा शाळेच्या वातावरणात सुधारणा दिसली नाही. शाळा झटपट बदलून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, तो कितीही मोठा माणूस असो.

मग करायचं काय? माझ्या हाताला जे लागलं ते सांगते.

जागांपासून सुरुवात करा. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात सुमारे ११ हजार मुलांच्या प्रामाणिकपणाच्या चाचण्या घेतल्या होत्या. वर्गात फसवणारं मूल खेळात फसवेलच असं नव्हतं. एके ठिकाणच्या वागण्यावरून दुसरीकडचं सांगणं अवघड होतं. मला यातून धीर आला. अमुक मूल मुळातच तसं, हा शिक्का सोडला की आपलं लक्ष जिना, पाण्याचा नळ, शाळा सुटतानाची रांग यांच्याकडे जातं. शाळेचा साधा नकाशा काढून प्रत्येक मुलाला एक प्रत द्या, नाव लिहायला लावू नका, आणि जिथे नको वाटतं तिथे लाल खूण करायला सांगा. आमच्याकडे मैदानाऐवजी मागचा जिना लाल झाला, आणि तोही मधली सुट्टी संपतानाची दहा मिनिटं. तिथे दोन शिक्षक उभे राहायला लागले. भाषण काही केलं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला नावाने हाक मारायची, एवढंच. त्या सत्रात जिन्यावरच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.

बघ्या मुलांना एखादं वाक्य शिकवा. कॅनडातल्या संशोधकांनी मैदानावरची दादागिरी चित्रित करून २००१ साली जे मांडलं त्यात असं दिसलं की आसपास इतर मुलं बहुतेक वेळा असतात, मध्ये फार थोडी पडतात, पण पडली तर निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांच्या आत त्रास थांबतो. लहान मुलाला दादाशी भांडायला लावू नका, ते धोक्याचं आहे. ज्याला त्रास होतोय त्याचा हात धरून "चल, तुला बोलावलंय" म्हणायचं आणि घेऊन जायचं. आम्ही याचा वर्गात सराव केला, नाटुकल्यासारखा. लाजऱ्या मुलांनाही ते जमतं.

काही बिघडलं की तीन प्रश्न विचारा: काय झालं, कोणाला त्रास झाला, आता काय केलं तर बरं होईल? तिसऱ्याचं उत्तर मुलालाच देऊ द्या, वेळ लागला तरी. सगळ्यांसमोर जबरदस्तीने माफी मागायला लावू नका, कधीच नाही. मूल तेवढ्यापुरतं शब्द म्हणतं आणि मनात डूख धरतं.

शिक्षकांच्या खोलीत मुलांबद्दल कसं बोललं जातं, हे सगळ्यात अवघड आहे आणि नवख्याला तिथे फारसं काही करता येत नाही. मी इतकंच ठरवलं की मुलासमोर बोलता येणार नाही ते मी तिथेही बोलणार नाही. हळूहळू दोन-तीन जण तसं करायला लागले. बाकीच्यांनी केलं नाही. तुमच्याकडेही काही जण करणार नाहीत, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

राहिला पुराव्याचा प्रश्न. वरिष्ठ आकडे मागतील, आणि तेव्हाच तक्त्याची आठवण होईल. मी आता एक वही ठेवते, माझ्या खणात असते. आज कोण आपणहून काय सांगायला आलं, एवढंच त्यात असतं. मुलाचं नाव नसतं, तारीख आणि एक ओळ. पहिल्या सत्रात ओळी वाढतात, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की शाळेत तक्रारी वाढल्या. म्हणून सत्र सुरू व्हायच्या आधीच मुख्याध्यापकांकडे जा आणि सांगून ठेवा, की दिवाळीपर्यंत आकडा वर जाईल, तो वर जायला हवा आहे, तेव्हा मला थांबवू नका. हे आधी सांगितलंत तर ते तुमच्या पाठीशी उभे राहू शकतील. नंतर सांगितलंत तर ते सबबीसारखं वाटेल. मी नंतर सांगितलं होतं.