एनएटएनचं सिक्युरिटी ऑडिट: रिपोर्ट हातात आल्यावर करायचं काय

एनएटएन (n8n, वेगवेगळी ॲप जोडून कामं आपोआप करवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच्या सर्व्हरवर टाकून बरेच दिवस झालेत, वर्कफ्लो, म्हणजे अशा कामांच्या साखळ्या, पन्नासच्या वर गेलेत आणि कुठल्या वेबहूकला (बाहेरून डेटा आला की वर्कफ्लो सुरू करणारा वेब पत्ता) पासवर्ड आहे नि कुठला उघडा पडलाय हे आता कुणालाच आठवत नाही, अशी गत झाली असेल तर त्यातच एक ऑडिट बसलेलं आहे, ते आधी चालवा. टर्मिनलात 'n8n audit' एवढंच टाइप करायचं, डॉकर असेल तर तीच कमांड कंटेनरच्या आत. टर्मिनल हाताशी नसेल तर पब्लिक एपीआयवरूनही होतं, त्यासाठी इन्स्टन्सच्या, म्हणजे तुमच्या सर्व्हरवरच्या एनएटएनच्या, ओनर अकाउंटची की घ्या. ऑडिट फक्त वाचतं, काही बदलत नाही, त्यामुळे चालू सर्व्हरवर बिनधास्त चालवा.

रिपोर्ट जेसनमध्ये येतो, त्याचे पाच भाग: क्रेडेन्शियल (साठवलेले पासवर्ड नि की), डेटाबेस, फाइलसिस्टीम, नोड्स (वर्कफ्लोतल्या एकेक पायऱ्या) आणि इन्स्टन्स. मी शेवटून सुरू करतो, कारण बाहेरचा माणूस आत शिरतो तो इन्स्टन्समधल्या गोष्टींमुळे.

त्यात पहिलं व्हर्जन बघा. जुनं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी अपडेट करा. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेला सीव्हीई-२०२५-६८६१३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नंबर) हा होल एक्स्प्रेशनमधून, म्हणजे नोडमध्ये लिहायच्या छोट्या सूत्रातून, थेट सर्व्हरवर कोड चालवू देणारा होता, १० पैकी ९.९ गंभीर, आणि १.१२२.० मध्ये तो बुजवलेला आहे. असला होल उघडा ठेवून वेबहूकला पासवर्ड लावणं म्हणजे मागचं दार उघडं ठेवून पुढच्या दाराला कुलूप.

मग वेबहूक. ज्यांचं ऑथेंटिकेशन 'नन' आहे आणि पुढे लगेच डेटा तपासणारा नोड नाही, ते या यादीत येतात. पण गंमत बघा, ऑडिट फक्त पुढच्या नोडचा प्रकार बघतं, त्याच्या आत काय लिहिलंय ते नाही, म्हणजे वेबहूकला चिकटून एक इफ नोड (अट तपासणारा) असला, मग तो सिक्रेट तपासत असो की नुसतं नाव रिकामं आहे का ते, वेबहूक यादीतून गायब. म्हणून यादीत नसलेले वेबहूकही एकदा उघडून बघा आणि जमेल तिथे हेडर ऑथ (रिक्वेस्टच्या हेडरमध्ये गुप्त की मागणारं) लावून टाका, दोन मिनिटांचं काम आहे.

क्रेडेन्शियलच्या भागात मी एकदा चांगलाच आपटलोय. त्यात तीन याद्या असतात, कुठल्याच वर्कफ्लोत नसलेली, ॲक्टिव्ह वर्कफ्लोत नसलेली आणि हल्लीच्या रनमध्ये न वापरलेली. 'हल्ली' म्हणजे डिफॉल्टला ९० दिवस, म्हणून मी तिसऱ्या यादीतली धडाधड उडवली आणि पुढच्या एक तारखेला महिन्यातून एकदा चालणारा वर्कफ्लो तोंडावर पडला. झालं असं की एनएटएन जुने रन डिफॉल्टला ३३६ तासांनी, म्हणजे १४ दिवसांनी, पुसून टाकतं, आणि ऑडिट बघतं ते शिल्लक राहिलेले रन! तेव्हा पहिली यादी बघून उडवा, बाकी दोन्हींतलं काहीही विचारल्याशिवाय काढू नका, उडवलेलं क्रेडेन्शियल डेटाबेसचा बॅकअप आणि एन्क्रिप्शन की दोन्ही असल्याशिवाय परत येत नाही.

डेटाबेसच्या भागात एसक्यूएल क्वेरीत थेट एक्स्प्रेशन घुसवलेले नोड सापडतात. वेबहूकमधून आलेला ईमेल तसाच्या तसा क्वेरीत चिकटवला असेल तर ते सरळसरळ इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्याने आपल्या डेटाबेसवर हवी ती क्वेरी चालवण्याला, आमंत्रण आहे. क्वेरीत डॉलर एक, डॉलर दोन असे प्लेसहोल्डर ठेवायचे आणि व्हॅल्यू खाली क्वेरी पॅरामीटर्समध्ये द्यायच्या, बस.

फाइलसिस्टीम आणि नोड्सच्या याद्या लांबलचक येतील, घाबरू नका. कोड नोड, एचटीटीपी रिक्वेस्ट हे सगळेच वापरतात आणि तेही तिथे येतात. मी फक्त दोन गोष्टी शोधतो, एक्झिक्यूट कमांड (सर्व्हरवर थेट कमांड चालवणारा नोड) आणि कम्युनिटी नोड. पहिला २.० पासून डिफॉल्टलाच बंद आहे, जुन्यात 'नोड्स एक्सक्लूड' सेटिंगमध्ये टाकून बंद करा. कम्युनिटी नोड म्हणजे परक्याचा कोड आपल्या सर्व्हरवर, जो कुणी वापरत नाही तो काढाच.

एवढं झालं की शेड्यूल ट्रिगर लावून दर आठवड्याला एनएटएनच्याच नोडने ऑडिट करवा, मागच्या रिपोर्टशी तुलना करा आणि जे नवीन आलंय तेवढंच मेल करा, पूर्ण रिपोर्ट पाठवला तर तिसऱ्या आठवड्यापासून कुणी उघडत नाही. आणि हो, त्या ऑडिटची एपीआय की क्रेडेन्शियलमध्येच ठेवा, एचटीटीपी नोडच्या हेडरमध्ये उघडी लिहू नका, कारण तशी लिहिलेली की ऑडिट पकडत नाही, ती तुम्हालाच वर्कफ्लो एक्स्पोर्ट करून शोधावी लागते.