मेन्यूवरचा कॅलरीचा आकडा कसा वाचावा

परवा नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका मॉलमध्ये भाचीसोबत कोल्ड कॉफीच्या रांगेत उभा होतो. बोर्डावर प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं. "मामा, हे काय लिहून आहे?" म्हटलं, कॅलरी. "मग कमीवाली घ्या ना!" मी बोर्ड पाहिला, वीस रुपये जास्त दिले की मोठा ग्लास मिळत होता, आणि मी मोठाच घेतला.

असा मी एकटा नाही. वेगवेगळ्या देशांतले प्रयोग एकत्र तपासून 2025 च्या जानेवारीत कॉक्रेन या आरोग्य-संशोधन तपासणाऱ्या संस्थेने आढावा काढला. मेन्यूवर आकडा असला की लोक सरासरी 1.8 टक्के कमी कॅलरी निवडतात, म्हणजे 600 कॅलरीच्या जेवणात 11. अर्धा चमचा साखर समजा. नुसता आकडा छापून फार काही होत नाही. तो वापरता आला तर गोष्ट वेगळी.

1. आधी सापडवा

केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खानपान साखळ्यांना मेन्यूवर कॅलरी आणि सर्व्हिंगचं, म्हणजे एका वेळी एकाला वाढायच्या भागाचं, माप दाखवावं लागतं. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, हा नियम जुलै 2022 पासून लागू आहे, आणि ऑनलाइन ऑर्डर घेणारेही त्यात येतात. सीताबर्डीच्या पोह्याच्या ठेल्यावर मात्र शोधत बसू नका.

2. आकडा कितीचा आहे ते बघा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एका साखळी रेस्टॉरंटमध्ये मी 210 वाचून खुशीत ऑर्डर दिली. ताट रिकामं झाल्यावर दिसलं की तो आकडा एका सर्व्हिंगचा, आणि ताटात होत्या दोन. पिझ्झा असेल तर आकडा एका तुकड्याचा की अख्ख्याचा, हे आधी विचारा. ग्रॅममधलं माप बहुतेक वेळा शेजारीच असतं. सोबतचं फ्राइज आणि कोल्ड्रिंक धरलंय का, तेही बघा.

3. आपल्या दिवसाशी ताडा

मेन्यूच्या तळाशी एक ओळ असते, की सक्रिय प्रौढाला दिवसाला सरासरी 2,000 कॅलरी लागतात. ही सरासरी आहे, तुमचा आकडा नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाला सुमारे 2,110 आणि 55 किलोच्या बाईला 1,660 कॅलरी लागतात. म्हणजे 700 चं कॉम्बो दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाईसाठी दिवसाच्या चाळीस टक्क्यांवर जातं. तेच तिच्या शेतात राबणाऱ्या बहिणीला चालून जाईल.

4. नावाआधी आकडा वाचा

ऐकायला फालतू वाटेल. पण अमेरिकेतल्या एका अभ्यासात आकडा पदार्थाच्या नावाच्या डावीकडे छापला तेव्हा लोकांनी कमी कॅलरीचं मागवलं, उजवीकडे छापल्यावर तसं झालं नाही. इस्रायलची हिब्रू भाषा उजवीकडून वाचतात, तिथे उलट झालं. एकदा "चीज बर्स्ट" वाचून तोंडाला पाणी सुटलं की मागून आलेल्या आकड्याला कोण विचारतो? म्हणून बोटाने आधी आकड्यांच्या रांगेवरून फिरा. त्याहून बरं, घरून निघायच्या आधी, पोट भरलेलं असताना मोबाइलवर मेन्यू उघडून ठरवून ठेवा.

तुलना एकाच जातीत करा: बर्गर बर्गरशी, कॉफी कॉफीशी. काटछाट पेयापासून सुरू करा. तिथे आकार बदलला की आकडा भरकन उतरतो आणि पोटाला फारसं कळतही नाही.

5. आकडा सगळं सांगत नाही

मीठ किती, प्रथिनं किती, हे त्यात नसतं. शुगरवाल्यांनी कर्बोदकं वेगळी विचारावीत. आणि ज्यांना प्रत्येक घास मोजायचा ध्यास लागतो त्यांनी हा बोर्ड सरळ दुर्लक्षित करावा, डॉक्टरांशी बोलावं.

6. जिथे आकडाच नाही तिथे तेल बघा

नागपुरात बाहेरचं खाणं म्हणजे बहुतेक वेळा हेच. एक ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी, एक ग्रॅम साखर किंवा मैदा म्हणजे साधारण 4. जेवणाच्या मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशेच्या आसपास जातात.

आता तर्री पोहे घ्या. चण्याच्या रश्श्याच्या पातेल्यावर लाल तवंग तरंगत असतो, ती तर्री. पोहेवाला पळी वरच्यावर फिरवतो, कारण गिऱ्हाइकाला तेच पाहिजे असतं. त्याला म्हणायचं, "भाऊ, पळी तळातून घाला." चणे जास्त येतात, तेल कमी. सावजी रश्श्यालाही हेच लागू: वाटी टेबलावर ठेवा, दोन मिनिटं थांबा, तेल वर आलं की चमच्याने काढून बाजूला करा.

मी हे धरमपेठेतल्या एका ठेल्यावर करून पाहिलं. पोहेवाल्याने पळी हवेतच थांबवली.

"तर्रीच नाही तं पोहे कायले खाता, भाऊ?"

शेवटी अर्धी पळी वरून, दीड तळातून, असं ठरलं.