‘कॉबवेब’ हा इंग्रजी शब्द नेमका कुठे वापरावा

शब्दकोशात कॉबवेबपुढे ‘कोळ्याचे जाळे’ असे लिहिलेले असते. ते चूक नाही, पण तेवढ्यावर वाक्य लिहायला गेलात तर घोटाळा होतो.

पहिली पायरी, जाळे नीट बघा. बागेत दोन फांद्यांमध्ये ताणलेले, चाकासारखे रेखीव, मधोमध कोळी बसलेला असेल तर ‘स्पायडर्स वेब’ म्हणा. माळ्यावर, कपाटामागे, पंख्याच्या दांडीला धूळ खात लोंबणारी, दिवाळीच्या आधी आपण लांब दांड्याच्या झाडूने काढतो ती जळमटं म्हणजे कॉबवेब्ज. (प्राणिशास्त्रात मात्र ‘कॉबवेब स्पायडर’ हे एका कुळाचे नाव आहे. त्या कोळ्यांची जाळी ताजी असतानाही विस्कटलेलीच दिसतात.)

मग स्पेलिंग. हा एकच जोडशब्द आहे, मध्ये जागा सोडू नका. मक्याच्या ‘कॉब’वरून तो आलेला नाही. जुन्या इंग्रजीत कोळ्याला ‘आटरकॉप्पे’ म्हणत. त्यातले ‘आटर’ म्हणजे विष. पुढे विष गळून पडले, नुसता ‘कॉप’ उरला, त्याच्या जाळ्याला ‘कॉपवेब’ म्हणू लागले आणि बोलता बोलता ‘प’चा ‘ब’ झाला. डॅनिश भाषेत कोळी आजही ‘एडरकॉप’च आहे, विषासकट! मला हा प्रवास फार आवडतो, आणि तो कळला की स्पेलिंग पाठ करावे लागत नाही.

आता वाक्प्रचार. आपली खरी गल्लत इथेच होते. ‘अ वॉक बाय द सी विल ब्लो अवे द कॉबवेब्ज’ म्हणजे समुद्रावर फिरून आलात की मरगळ जाईल, डोके ताजेतवाने होईल. मराठीत डोक्यातली जळमटं म्हणजे बहुधा जुनाट समजुती. त्या अर्थाने ‘ब्लो अवे’ लिहिलेत तर इंग्रज वाचकाला वाटेल, तुम्ही त्याला मोकळ्या हवेत पाठवताय. समजुतींबद्दल बोलायचे असेल तर तसे स्पष्ट म्हणा: ‘कॉबवेब्ज ऑफ सुपरस्टिशन’.

अर्थशास्त्राचे काही भाषांतर करत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी 1934 मध्ये ‘कॉबवेब थिअरम’ हे नाव रूढ केले. यंदा कांदा महागला म्हणून सगळे कांदा लावतात, पुढच्या हंगामात भाव कोसळतो, मग लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर ही फिरती रेघ जाळ्यासारखी दिसते. त्यामुळे इथे ‘जळमट’ नको, ‘जाळे’च लिहा.