‘आउटस्टँडिंग’ रकमेचा अनुवाद करताना

अनुवादाच्या कामाला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा हिशेबाच्या एका कागदपत्रात ‘आउटस्टँडिंग अमाउंट’ हे शब्द आले आणि मी बेधडक ‘उल्लेखनीय रक्कम’ असे लिहून मोकळा झालो. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून समासात एवढेच लिहिले होते : ‘उल्लेखनीय खरीच, अजून मिळालेली नाही म्हणून.’

शाळेपासून हा शब्द मला केवळ कौतुकाचा म्हणून ठाऊक होता. क्षेत्ररक्षकाने टिपलेला अवघड झेल ‘आउटस्टँडिंग’ असतो आणि युनेस्कोच्या १९७२ च्या जागतिक वारसा करारातही ‘आउटस्टँडिंग युनिव्हर्सल व्हॅल्यू’ म्हणजे असाधारण वैश्विक मूल्य असेच अभिप्रेत आहे. हिशेबात मात्र त्याचा अर्थ ‘चुकते न झालेले’ असा होतो. मला तरी हे दोन्ही अर्थ एकाच चित्राच्या दोन बाजू वाटतात, कारण जो चारचौघांत उठून दिसतो तोही बाहेर उभा असतो आणि ‘पैसे बाहेर अडकले आहेत’ असे आपण म्हणतो तेव्हा तेही बाहेरच उभे असतात.

पुढे ‘बॅलन्स’, ‘ड्यूज’ किंवा ‘बिल’ असेल, तर शंका राहत नाही. खरी अडचण ‘आउटस्टँडिंग वर्क’सारख्या ठिकाणी येते, कारण ते काम उत्कृष्टही असू शकते आणि उरलेलेही. अशा वेळी आधीचा शब्द पाहावा : ‘स्टिल’ असेल तर काम बहुधा बाकी आहे, ‘ट्रूली’ असेल तर ते वाखाणलेले आहे.

‘आउटस्टँडिंग एक्स्पेन्सेस’ला वाणिज्याच्या पुस्तकांत ‘अदत्त खर्च’ म्हणतात. मार्चचा पगार ३१ मार्चपर्यंत दिला गेला नसेल, तर तो त्याच वर्षाच्या खर्चात धरून ताळेबंदात देयतेच्या बाजूला दाखवला जातो. ‘आउटस्टँडिंग शेअर्स’ मात्र ना थकलेले असतात ना उत्कृष्ट. ते भागधारकांच्या हाती असलेले शेअर्स असतात आणि कंपनीने परत विकत घेतलेले त्यांत मोजले जात नाहीत.

सगळ्यांत जास्त चुका मी ‘थकबाकी’ या शब्दाने केल्या. मुदत न उलटलेली रक्कमही इंग्रजीत ‘आउटस्टँडिंग’च असते, पण तिला थकबाकी म्हटले की देणाऱ्यावर उगाच ठपका येतो. शिवाय ती रक्कम येणे आहे की देणे, हे तो इंग्रजी शब्द सांगत नाही आणि मराठीत तर ते सांगितल्यावाचून चालत नाही. म्हणून रकान्याचे शीर्षक पाहिल्याखेरीज मी आता ती जागा भरत नाही.