पंखा वारा कुठून ओढतो?

महापे-ऐरोली पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत टेक्निकल प्रोग्राम मॅनेजर म्हणून येणारी नवी मुलं मला आधी विचारतात, "सर्टिफिकेशन कुठलं करू?" जरूर करा, पण त्याआधी एक रॅक, म्हणजे सर्व्हर बसवायचं उभं कपाट, मागून उघडून नीट बघा.

सर्व्हर समोरून थंड हवा घेतात आणि मागच्या गल्लीत गरम हवा सोडतात. त्यांचे पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या जागा, मागे, या गरम गल्लीत असतात. म्हणून रॅकमधला वरचा स्विचही (सर्व्हरना नेटवर्कशी जोडणारी पेटी) सहसा पोर्ट मागे करून बसवतात. मग त्याच्या पंख्यांनी थंड गल्लीकडे असलेल्या पॉवर सप्लायच्या बाजूने थंड हवा ओढून पोर्टांकडे सोडायला हवी. बऱ्याच स्विचना ही दिशा ऑर्डर देतानाच निवडावी लागते.

माझ्या पहिल्या मोठ्या कामात ती उलटी निवडली गेली. मॉडेल बरोबर, नग बरोबर, ऑर्डरवर शेवटची सही माझी. स्विच चढले, सुरू झाले आणि तासाभरात तापमानाचे अलार्म वाजू लागले. साइटवरच्या इंजिनिअरने काही न बोलता पंख्याच्या कडीवरची रंगाची खूण दाखवली. पंखे आणि पॉवर सप्लाय दोन्ही बदलून यायला पाच आठवडे गेले. तोवर वीज तयार, सर्व्हर तयार, आणि सगळं तसंच उभं. त्या पाच आठवड्यांत मला माझं काम कळलं. प्रत्येक टीमने आपापला भाग चोख केला होता. दोन भाग जिथे भेटतात ती जागा कोणाच्याच यादीत नव्हती. ती यादी ठेवायची ती आपण.

अशा जागा बऱ्याच असतात. शंभर जीचं (सेकंदाला शंभर गिगाबिटचं) एसआर४ ऑप्टिक, म्हणजे पोर्टमध्ये बसणारा प्रकाशाचा ट्रान्सिव्हर, ओएम४ जातीच्या मल्टीमोड फायबरवर १०० मीटरपर्यंतच चालतं. नकाशावर दोन रॅकमधलं अंतर ७० मीटर दिसतं, पण केबल रॅकमधून वर चढते, ट्रेमधून वळसे घेते, पुन्हा खाली उतरते. ट्रेचा मार्ग मोजल्याशिवाय ऑप्टिकची ऑर्डर सोडू नका. अंतर जास्त भरलं तर लांब पल्ल्याचं सिंगल मोड फायबर आणि ५०० मीटरपर्यंत चालणारं डीआर ऑप्टिक घ्यावं लागतं, म्हणजे केबलही बदलली आणि बजेटही. बाहेरच्या लिंकसाठी टेलिकॉम कंपनीचं परवानगीपत्र, आपण त्याला एलओए म्हणतो, हातात आल्याशिवाय मीट-मी रूममध्ये, म्हणजे बाहेरच्या लाइन येतात त्या खोलीत, क्रॉस कनेक्ट (त्यांच्या लाइनला आपली केबल जोडणं) होत नाही. ते पत्र पहिल्या आठवड्यातच मागा. पॉवर कॉर्डचं टोक सी१३ आकाराचं की सी१९, हे तर फोटो काढूनच पक्कं करा.

सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. धुळीचा एक कण प्रकाश अडवायला पुरतो. म्हणून कनेक्टर (फायबरचं टोक) आधी स्कोपखाली, म्हणजे छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली, बघायचा, पुसायचा, परत बघायचा आणि मगच लावायचा. घाई असली की पहिली काट याच पायरीला बसते. तेव्हा मी स्वतः जाऊन शेजारी उभी राहते.

लिंकचा हिरवा दिवा लागला की सगळ्यांचे चेहरे उजळतात, आणि ते साहजिकच आहे. त्यानंतर चोवीस तास ट्रॅफिक चालवून मी एरर काउंटर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी करणारे आकडे, बघते. ते शून्यावर राहिले, तरच हस्तांतराच्या कागदावर सही करते.