कलिंगडवाल्यांनो, फुलात असताना सकाळचा फवारा बंद ठेवा

उन्हाळी कलिंगडासाठी सगळ्यात आधी एकच सांगतो, बाकीचं वेळ मिळाला तर वाचा. वेलावर मादी फुलं दिसायला लागली की क्रॉप कव्हर (वेलांवर झाकलेलं पातळ कापड) काढा, आणि तिथून फळं सेट होईपर्यंत, म्हणजे धरेपर्यंत, सकाळी कसलीच फवारणी नको. कसलीच म्हणजे टॉनिकची पण नाही. दरवर्षी हिरवेगार, रोगाचा डाग नसलेले प्लॉट बघतो आणि वेल उचलून बघावं तर खाली फळंच नाहीत, असली तर वाकडी, शेपटाकडे निमुळती झालेली. मग विचारलं की कळतं, कव्हर आठवडाभर जास्त राहिलं होतं किंवा रोज सकाळी सातला पंप पाठीवर होता.

मादी फूल एकच दिवस उघडं असतं. उजाडल्यावर उमलतं, दुपारपर्यंत मिटायला लागतं, परत उमलत नाही. नराचे परागकण चिकट असतात, वाऱ्याने उडून जात नाहीत, ते मधमाशीनेच न्यावे लागतात. मादी फुलाच्या मधल्या टोकाला तीन भाग असतात, तिन्हीवर सारखे परागकण पडले तर फळ सगळीकडून भरतं, एक भाग कोरडा राहिला तर ती बाजू बसते. नीट फळ धरायला ५०० ते १००० परागकण लागतात म्हणजे मधमाशीच्या निदान आठ फेऱ्या, त्याही त्या एकाच सकाळी.

आता हवामान बदललंय ते इथेच नडतंय. पारा ३५ च्या वर जायला लागला की परागकणांचा जोर कमी होतो, आणि ऊन फारच तापलं की माशा फुलं सोडून पोळं गार ठेवायला पाणी वाहत बसतात. म्हणजे सहा ते दहा हा जो काय वेळ असतो त्यातले पण पहिले दोन-अडीच तासच खरे कामाचे राहतात. अवकाळी ढग किंवा भुरभुर पाऊस असेल तर माशी बाहेरच पडत नाही, ती सकाळ गेलीच म्हणायची. आणि नेमक्या त्याच वेळात आपण फवारा घेऊन उभे, का तर ऊन चढायच्या आत उरकून घेऊ. औषध माशीला मारत नसलं तरी फूल ओलं करतंच, ओल्या परागकणाचं काही खरं नसतं. फवारायचंच असेल तर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर. तुषार सिंचन असेल तर तेही सकाळी बंद.

कव्हरचं दुखणं मला कळतं. काढलं की फुलकिडे (रस शोषणारी बारीक कीड) येतात आणि त्यांच्यासोबत शेंडे जाळणारा व्हायरस, मग माणूस म्हणतो अजून चार दिवस राहू दे. पण कव्हरच्या आत माशी जात नाही आणि त्या चार दिवसात पहिली चांगली मादी फुलं गळून जातात, पुढची धरतात ती भर उन्हाच्या तावडीत सापडतात. लागवडीनंतर साधारण २५ ते ३० दिवसांनी रोज वेल बघा, पाकळ्यांच्या मागे हिरवा बारीक गोळा असलेलं फूल म्हणजे मादी. दिसलं की त्याच संध्याकाळी कव्हर काढा. फुलकिड्यांसाठी चंदेरी मल्चिंग (जमिनीवर अंथरायचा प्लास्टिक कागद) आधीपासून, निळे चिकट सापळे, संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क, आणि व्हायरसचं झाड दिसलं की उपटून लांब नेऊन पुरा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम असली आंतरप्रवाही औषधं फुलोऱ्याच्या तोंडावर ड्रिपने सुद्धा सोडू नका, ती झाडातून परागात आणि फुलातल्या मकरंदात उतरतात. युरोपियन युनियनने २०१८ ला उघड्या शेतात त्यांचा वापर बंद केला तो मधमाशांसाठीच.

दुकानदार काय सांगतो ते पण ऐका. 'फुलगळ होतेय, ही बाटली मारा.' अहो पहिला आठवडा जवळपास सगळी नर फुलंच येतात आणि ती गळणारच, त्यांचं काम तेवढंच. बाटली मारली तरी गळणार, नाही मारली तरी आठवड्याने मादी फुलं येणार, श्रेय मात्र बाटलीला. मादी फुलं खरंच कमी असतील तर आधी युरिया आवरा, नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि नर फुलंच वाढतात. फळ फुगवायच्या औषधांपासून तर चार हात लांब. २०११ मध्ये चीनच्या जिआंगसू प्रांतात कलिंगडं शेतातच धडाधड फुटली होती, तेव्हा फोरक्लोरफेन्युरॉन नावाचं फुगवणीचं औषध उशिरा आणि पावसात वापरल्याचं कारण पुढे आलं होतं. त्या बाटल्यांच्या पैशात एकरी एक-दोन मधपेट्या आणा, थोडी फुलं उघडली की मगच आणा, आधी आणल्या तर माशा दुसऱ्याच्या शेतात रुळतात. बिनबियांचं कलिंगड लावलं असेल तर त्याचे परागकण वांझ, दर तीन झाडांमागे एक बीवाल्या जातीचं झाड लागतंच.

माशीच नसेल तर हाताने करा. सकाळी ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या, मादीच्या तिन्ही भागांवर हलकं फिरवायचं. सगळा प्लॉट नाही होणार पण ढगाळ आठवड्यात थोडी तरी फळं पदरात पडतात.

नेहमीची कामं, जास्त बोलत नाही:
– जमीन गरम झाल्यावरच लागवड, १६ अंशाखाली बी उगवत नाही
– बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला खाणारी मित्रबुरशी) किलोला ५ ग्रॅम
– खत हेक्टरी १००:५०:५० नत्र, स्फुरद, पालाश, माती परीक्षण बघून कमी-जास्त
– फळमाशीला क्यू ल्यूर (वासाने नर माश्या ओढणारे) सापळे एकरी ५
– भुरीला (पानावर पांढरी पावडर दिसते तो रोग) विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम, पण पारा ३२ च्या वर असेल तर नको, पानं जळतात
– वेलाला दोन-तीनच फळं
– फळाखाली पाचट

आता माझे अंदाज, हे कुठे छापलेलं नाही. बांधावर तीळ, मोहरी, झेंडू असं काहीतरी फुललेलं असलं की सेटिंग बरं होतं असं मला वाटतं. वेलाच्या बुडाजवळचं पहिलं फळ मी खुडायलाच सांगतो, ते खुजं राहतं आणि वेल अडवतं. आणि एकदम सगळी लागवड नको, आठ-दहा दिवसांच्या फरकाने दोन-तीन टप्पे करा, एका टप्प्याचा फुलोरा उष्णतेच्या लाटेत गेला तरी दुसरा हाती राहतो.

पाणी रोज थोडं थोडं, सकाळ-संध्याकाळ विभागून (फुलात असताना तुषारने सकाळी नाही). चार दिवस ताण देऊन एकदम सोडलं तर फळ तडकतं, आणि फळाचं फुलाकडचं टोक काळं पडतं ते पण बऱ्याचदा कॅल्शियम मातीत असूनही पाण्याच्या ओढाताणीने मिळत नाही म्हणून. काढणीआधी पाच-सात दिवस पाणी कमी करा. काढणी मात्र भल्या पहाटे करू नका, तेव्हा फळ पाण्याने टच्च असतं आणि गाडीत फुटतं, दव वाळू द्या.

देठाजवळची बाळी (वेलाचा वळलेला बारीक तंतू) सुकली, जमिनीवर टेकलेला डाग पांढऱ्याचा पिवळा झाला आणि टिचकीला बदबद आवाज आला की फळ तयार. कच्चं तोडलं तर घरी ठेवून गोड होणार नाही. विकत घेणाऱ्याने पण हाच पिवळा डाग बघावा. आत पोकळ भेग निघाली तर घाबरू नका, इंजेक्शन बिंजेक्शन नसतं, अपुऱ्या परागीभवनाने पण असं होतं, खायला चालतं. अख्खं फळ फ्रिजमध्ये कोंबू नका, १० अंशाखाली बरेच दिवस राहिलं तर चव आणि रंग उतरतो, सावलीत बाहेर बरं. कापायच्या आधी मात्र धुवा, सुरीबरोबर सालीवरची माती गरात जाते. कापलेलं झाकून फ्रिजमध्ये, कडक उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर नको.