नव्या लक्झरी ब्रँडला स्वतंत्र डीलरशिप हवी का? निर्णय घेण्याची एक पद्धत

ह्युंदाई मोटर इंडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला जेनेसिस हा लक्झरी ब्रँड २०२७ पर्यंत भारतात आणणार असल्याचे जाहीर केले. अशी घोषणा झाली की डीलरच्या डोक्यात पहिला विचार येतो तो जागेचा: हमरस्त्यावर नवे शोरूम उभारायचे, की आहे त्याच शोरूमचा एक भाग वेगळा करायचा? कंपनीलाही हाच प्रश्न वरच्या बाजूने सोडवावा लागतो. माझ्या मते हा प्रश्न इमारतीपासून सुरू केला की उत्तर हमखास चुकते. गाडी विकली गेल्यानंतर ग्राहक त्या ब्रँडकडे वर्षातून जितक्या वेळा येतो, त्या बहुतेक वेळा तो वर्कशॉपच्या दारात येतो. म्हणून वेगळेपणावर खर्च करायचा पहिला रुपया तिथे पडला पाहिजे.

सुरुवातीला ‘स्वतंत्र’ या शब्दाची फोड करावी. मालक वेगळा, विक्रीची जागा वेगळी, माणसे वेगळी आणि सर्व्हिस वेगळी, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा खर्च निराळा आहे. होंडाने १९८६ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्युरा हा लक्झरी ब्रँड आणला तेव्हा शोरूम वेगळी ठेवली. टोयोटाने १९८९ मध्ये लेक्सस या आपल्या लक्झरी ब्रँडसाठी तेच केले. मात्र लेक्ससचे कित्येक डीलर आधीपासून टोयोटाच्याच गाड्या विकत होते. मालक तोच राहिला, तरी दार, माणसे आणि ग्राहकाशी वागण्याची रीत बदलली. याच टोयोटाने स्वतःच्या देशात, जपानमध्ये, लेक्सस हे नाव २००५ पर्यंत आणले नव्हते. जी गाडी अमेरिकेत लेक्सस एलएस म्हणून विकली जात होती, ती तिथे टोयोटा सेल्सिओर या नावाने टोयोटाच्याच विक्रीकेंद्रांतून जात होती. एकाच कंपनीने एकाच गाडीसाठी दोन देशांत दोन वाटा धरल्या, यावरूनच लक्षात येते की या प्रश्नाला सर्व ठिकाणी लागू पडेल असे एक उत्तर नाही.

यानंतर जुनी अपयशे नीट वाचावीत, कारण त्यांचा दाखला देऊन चुकीचा निष्कर्ष काढणे फार सोपे आहे. मारुती सुझुकीने फेब्रुवारी २०११ मध्ये किझाशी ही सेडान आणली. सोळा-सतरा लाखांची ही गाडी अल्टो आणि वॅगन आरच्या शेजारी, त्याच शोरूममध्ये उभी होती, आणि ती चालली नाही. ‘शोरूम वेगळे असते तर चालली असती’ असे आजही म्हटले जाते. परंतु ही गाडी फक्त पेट्रोलवर चालणारी, २.४ लिटर इंजिनाची होती, आणि तो काळ डिझेल सेडानचा होता. सगळा दोष भिंतींवर टाकता येणार नाही. फोक्सवॅगनच्या फेटनचे उदाहरण अधिक स्वच्छ आहे. २००२ मध्ये आलेली ही गाडी तांत्रिकदृष्ट्या उत्तम होती, तिच्यासाठी ड्रेस्डेनमध्ये काचेच्या भिंतींचा खास कारखाना बांधला होता. पण ती विकायला ठेवली गोल्फ आणि पसाटच्या रांगेत, त्याच बोधचिन्हासह. अमेरिकेतून ती २००६ नंतर मागे घ्यावी लागली. कारखान्यावर जो खर्च झाला, त्याचा थोडासा अंश ग्राहक जिथे गाडी पाहतो आणि दुरुस्तीला देतो तिथे झाला असता तर बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

नेक्साचा दाखलाही असाच जपून घ्यावा. मारुतीने जुलै २०१५ मध्ये ही वेगळी शोरूमची साखळी सुरू केली. पहिली गाडी एस-क्रॉस होती आणि काही महिन्यांतच तिची किंमत मोठ्या प्रमाणात उतरवावी लागली. साखळीला बळ मिळाले ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या बलेनोमुळे, म्हणजे मोठ्या संख्येने खपणाऱ्या गाडीमुळे. शोरूमचे भाडे गाड्यांच्या संख्येतूनच निघते. ज्या लक्झरी ब्रँडकडे अशी गाडी नसणार, त्याने नेक्साच्या यशावर विसंबून स्वतःची गणिते मांडू नयेत.

तेव्हा पुढची पायरी म्हणजे शहरनिहाय हिशेब. तो ढोबळ का होईना, कागदावर मांडलाच पाहिजे. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या शहराचे आकडे घालावेत. समजा, सरासरी ६० लाखांची गाडी महिन्याला ५ जाते, आणि सवलती वजा जाता डीलरच्या हाती ३ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार उरतात. विमा आणि कर्जाच्या कमिशनचे ५० हजार धरले, तर गाडीमागे २ लाख ३० हजार आणि महिन्याला साडेअकरा लाख झाले. आता खर्च पाहावा. ४,००० चौरस फुटांच्या जागेचे चौरस फुटाला २०० रुपये दराने ८ लाख, बारा माणसांचे पगार ७ लाख, वीज-सुरक्षा-किरकोळ २ लाख, आणि दोन डेमो गाड्यांचा घसारा व व्याज अडीच लाख, असे साडेएकोणीस लाख होतात. दरमहा ८ लाखांची तूट राहते.

ही तूट वर्कशॉप भरून काढील, असे गृहीत धरण्याची सवय आपल्या धंद्यात आहे. तेही तपासावे. महिन्याला ५ गाड्या या वेगाने तीन वर्षांत रस्त्यावर १८० गाड्या येतील. प्रत्येक गाडी वर्षाला सरासरी दीड वेळा आली, तर वर्षाला २७० जॉब कार्ड, म्हणजे गाडीच्या प्रत्येक भेटीच्या कामाच्या नोंदी, होतात, म्हणजे कामाच्या दिवसाला एक गाडीही नाही. एका बेमध्ये, म्हणजे एक गाडी उभी करून काम करण्याच्या जागेत, दिवसाला दोन गाड्या सहज उरकतात. याचा अर्थ, तीन वर्षांनंतरही एक बे निम्मा रिकामा राहील. जॉब कार्डमागे मेकॅनिकचा पगार वगैरे जाऊन १५ हजार सुटले, तर महिन्याला ३ लाख ४० हजार येतील. तूट कमी होईल, पण मिटणार नाही. याच आकड्यांनी गेले तर महिन्याला ७ गाड्यांच्या विक्रीला हा व्यवहार कसाबसा बरोबरीत येतो. ज्या शहरात ७ गाड्यांची खात्री नाही, तिथे स्वतंत्र वर्कशॉपसह स्वतंत्र शोरूम उभारणे म्हणजे डीलरला पहिल्या दिवसापासून कर्जात ढकलणे होय, आणि कर्जात असलेला डीलर सर्वांत आधी काटछाट करतो ती सर्व्हिसच्या माणसांत.

या हिशेबात एक गोष्ट वेगळी विचारात घ्यावी लागते: स्टॉकमध्ये अडकलेला पैसा. मर्सिडीज-बेंझने भारतात ऑक्टोबर २०२१ मध्ये पद्धत बदलली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा, किंमत देशभर एक, बिल कंपनीचे आणि डीलरला ठरलेले कमिशन. साठ्यावरचे व्याज डीलरच्या अंगावरून उतरते, तेव्हा तेच भांडवल तो जागेत आणि माणसांत घालू शकतो. नव्या ब्रँडने स्वतंत्र शोरूमचा आग्रह धरायचा असेल, तर आधी साठ्याचा भार स्वतःच्या खांद्यावर घेण्याची तयारी दाखवावी. दोन्ही ओझी एकाच माणसावर टाकू नयेत.

आता पैसा थोडा असेल तर तो कुठे घालावा, हे सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका वर्कशॉपच्या रिसेप्शनमध्ये सकाळी नऊच्या सुमारास बसलो होतो. त्या डीलरकडे कंपनीची साधी गाडी आणि तिचीच महागडी गाडी, दोन्हींचे काम एकाच काउंटरवर चालत असे. साधारण साठीचे एक गृहस्थ पंचावन्न लाखांची गाडी घेऊन आले. पुढे टुरिस्ट परवान्याच्या सहा गाड्या होत्या. त्यांना टोकन मिळाले, चाळीस मिनिटांनी नंबर लागला, आणि गाड्या कामाला घेणाऱ्या अ‍ॅडव्हायझरने मान वर न करता विचारले, ‘‘गाडी नंबर?’’ मग नाव, मग मोबाइल नंबर, मग किलोमीटर. ही सगळी माहिती आदल्या दिवशी फोनवर देऊन झाली होती. ते गृहस्थ चिडले नाहीत. त्यांनी चावी काउंटरवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘शोरूममध्ये तुम्ही मला गुलाबाचं फूल दिलं होतं.’’ अ‍ॅडव्हायझर बिचारा सकाळपासून एकटाच तीन माणसांचे काम करत होता. चूक त्याची नव्हती, रचनेची होती.

म्हणून पहिल्या वर्षी, सामायिक इमारतीतसुद्धा, पुढील व्यवस्था स्वतंत्र असलीच पाहिजे. त्या ब्रँडच्या गाड्यांसाठी वेगळे प्रवेशद्वार, निदान वेगळी आत घेण्याची जागा असावी. एक अ‍ॅडव्हायझर केवळ त्याच ग्राहकांचा असावा, त्याचा थेट फोन नंबर ग्राहकाकडे असावा, आणि गाडी दारात येताच जुने जॉब कार्ड त्याच्यासमोर उघडलेले असावे. एक बे, खास हत्यारांचे एक कपाट आणि कंपनीत प्रशिक्षण घेतलेले दोन तंत्रज्ञ राखून ठेवावेत. घरून गाडी नेणे-आणणे मोफत ठेवावे. जेनेसिसने अमेरिकेत ही सोय सुरुवातीपासून दिली, आणि स्वतःची शोरूम नसतानाच्या काळात ती त्यांच्या उपयोगी पडली. पेंट बूथ, व्हील अलाइनमेंट, धुलाई, सुट्या भागांचे गोडाऊन या गोष्टी सामायिक राहिल्याने काहीही बिघडत नाही, कारण ग्राहक तिथपर्यंत जातच नाही.

डिलिव्हरीची जागा मात्र वेगळी हवीच. दसरा किंवा गुढीपाडव्याला साध्या शोरूममध्ये एका सकाळी तीस-चाळीस गाड्या बाहेर पडतात. प्रत्येक कुटुंब हार, नारळ, पेढे घेऊन आलेले असते, चाकाखाली लिंबू ठेवण्याची घाई असते, आणि मागे पुढचे कुटुंब ताटकळत उभे असते. आयुष्यभराच्या कमाईतून मोठी गाडी घेणाऱ्या माणसाची आई त्या दिवशी पूजेचे ताट घेऊन आलेली असते. तिला खुर्ची, सावली आणि निवांत अर्धा तास मिळाला पाहिजे. हे करायला नवी इमारत लागत नाही. एक झाकलेली जागा आणि वेळेचे नियोजन पुरते.

माणसांमधल्या गुंतवणुकीचे फळ किती मोठे असते, याचा दाखला लेक्ससच्या पहिल्याच वर्षात सापडतो. एलएस ४०० सप्टेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली आणि डिसेंबरमध्ये, वरच्या ब्रेक लाइटच्या वायरिंगबद्दल आणि क्रूझ कंट्रोलबद्दल आलेल्या दोन तक्रारींवरून, विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या परत बोलावण्यात आल्या. नव्या ब्रँडसाठी हा घातक प्रसंग होता. लेक्ससने गाड्या ग्राहकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत दिल्या, आणि हे काम वीस दिवसांत संपवले. ग्राहकाला घरी आलेल्या पाहुण्यासारखे वागवायचे, हे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. ते पाळता आले, कारण त्या ग्राहकांसाठी नेमलेली माणसे दुसऱ्या कामात गुंतलेली नव्हती.

कराराचा भाग रूक्ष वाटतो, पण इथली चूक सर्वांत महाग पडते. जेनेसिसने अमेरिकेत सुरुवात ह्युंदाईच्या डीलरांकडून केली आणि नंतर, २०१८ मध्ये, मोजक्याच डीलरांकडे ब्रँड ठेवण्याचा विचार पुढे आणला. डीलर संतापले, राज्याराज्यांत परवान्यांचे घोळ झाले, आणि विक्री २०१७ च्या सुमारे २० हजारांवरून २०१८ मध्ये जवळपास निम्म्यावर आली. म्हणजे सामायिक शोरूमपासून आरंभ करणे चूक नव्हते. पुढे वेगळे कधी व्हायचे, हे आधी लिहून न ठेवणे ही चूक होती. आपल्या करारात दोन पातळ्या स्पष्ट आकड्यांनी लिहाव्यात: सलग चार तिमाहीत अमुक विक्री आणि रस्त्यावर अमुक गाड्या झाल्या की स्वतंत्र वर्कशॉप, त्यानंतर स्वतंत्र शोरूम, आणि तोवर त्या शहरात दुसरा डीलर नाही.

डीलरनेही आपली बाजू राखावी. शेव्हर्लेची विक्री भारतात २०१७ मध्ये थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे ठरवले, आणि ज्यांनी नुकतीच शोरूम सजवली होती त्यांचा पैसा फर्निचरमध्ये आणि काचेत अडकून राहिला. ब्रँड गेल्यास सुटे भाग, खास हत्यारे आणि बोर्ड कंपनीने कोणत्या दराने परत घ्यायचे, हे करारात असावे. जागेचा भाडेकरार डीलरशिपच्या करारापेक्षा लांब मुदतीचा करू नये.

शहर निवडताना केवळ मुंबई, पुणे, बंगळुरू अशी यादी करू नये. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्यावसायिकांनी २०१० मध्ये एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. तो व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. अशी मागणी अचानक उभी राहते, आणि तेवढ्यावरून तिथे लगेच मोठे शोरूम काढायला जाऊ नये. कोल्हापूर, नाशिक, सांगली, पणजी यांसारख्या ठिकाणी एक डेमो गाडी, एक जबाबदार विक्री प्रतिनिधी, महिन्याच्या ठरलेल्या दिवसांना येणारी सर्व्हिस व्हॅन आणि बंद पडलेली गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

मूळ ब्रँडच लक्झरी असेल, तर मात्र वेगळ्या दाराचा विचार जवळपास सोडून द्यावा. मर्सिडीजच्या मालकांनी २००२ पासून दहा वर्षे मायबाख हा स्वतंत्र ब्रँड चालवून पाहिला आणि जगभरात मिळून तीनेक हजार गाड्याच विकल्या गेल्या. पुढे तेच नाव मर्सिडीज-मायबाख म्हणून एस-क्लासच्या शेजारी आले तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळाले.

इतके ठरल्यावर सहा महिन्यांनी वर्कशॉपची नोंदवही उघडून तीन रकाने पाहावेत: गाडी दारात आल्यापासून अ‍ॅडव्हायझर भेटेपर्यंत किती मिनिटे गेली, सांगितलेल्या वेळेला किती गाड्या परत मिळाल्या, आणि त्याच तक्रारीसाठी किती गाड्या पुन्हा आल्या. हे आकडे सामायिक इमारतीत बिघडत असतील, तर पहिल्यांदा माणसे वाढवून पाहावीत. तरीही सुधारले नाहीत आणि बे रोज भरलेला असेल, तर नव्या जागेचा शोध सुरू करावा.